कडोळीचा मानकरी

परभणीपासून विलग होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी, महाराष्ट्रदिनाच्या मुहूर्तावर, अस्तित्वात आला. आणि नव्या कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग वाळतो न वाळतो तोच, त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात, राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नामनिर्देशित केलेल्या सदस्यांच्या यादीत, गायिका लता मंगेशकर, विधिज्ञ फली नरीमन आणि तामिळ नाटककार-संपादक चो रामस्वामी यांच्या पंक्तीस चंडिकादास अमृतराव देशमुख या त्र्याऐंशी वर्षांच्या वृद्ध गृहस्थांचे नाव प्रसिद्ध झाले. दिल्लीकर आणि उत्तर प्रदेशातील मंडळी त्यांना नानाजी या नावाने ओळखत होती. त्यांचे जन्मगाव कडोळी, म्हणजे याच नव्या जिल्ह्यातले एक खेडे, ही गोष्ट मात्र त्या दिवशी खुद्द हिंगोलीच्या बाजारपेठेत कितीजणांच्या ध्यानी आली असेल याविषयी मला शंकाच आहे. कारण हा मनुष्य तेथून गेला तो साठ वर्षांपूर्वी, आणि त्याचे कर्तृत्व घडले ते गोरखपूर, गोंडा आणि चित्रकूट या दूरच्या मुलखांत.

राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व म्हणजे नेमके काय, हे येथे सांगितले पाहिजे. घटनेच्या ८० व्या अनुच्छेदाने या सभागृहाची कमाल सदस्यसंख्या २५० ठरविली आणि त्यांपैकी १२ जागा अशा व्यक्तींसाठी राखल्या, की ज्यांना साहित्य, शास्त्र, कला अथवा समाजसेवा यांचे विशेष ज्ञान वा प्रत्यक्ष अनुभव आहे. त्यांना कोणी निवडून देत नाही. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपती त्यांची नेमणूक करतात. मुदत सहा वर्षांची. सभागृहात बोलावे, विधेयकावर मत द्यावे, उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत भाग घ्यावा, इतके अधिकार त्यांना आहेत. पण राष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्यांना मत नाही, कारण ज्यांनी नेमले त्यांनाच निवडण्याचा हक्क नेमलेल्यांस असू नये, असा त्यामागचा रास्त विचार असावा. स्थानिक विकासनिधी त्यांनाही मिळतो, आणि तो देशातील कोणत्याही जिल्ह्यात खर्च करण्याची त्यांना मुभा असते, कारण त्यांना मतदारसंघच नसतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे, काकासाहेब कालेलकर, मामा वरेरकर ही आपल्याकडची थोर मंडळी याच वाटेने त्या सभागृहात गेली होती.

अशा पदांची आपल्या राज्यव्यवस्थेत वाण नाही. राज्यपाल आहेत, विद्यापीठांचे कुलपती आहेत, मुंबईचे नगरपाल आहेत. या सर्व आसनांभोवती मानमरातब पुष्कळ, अंमल थोडा. आणि म्हणूनच त्यांवर कोणाला बसवावे याविषयीचा आपला संकेतही ठरून गेला आहे. कार्यकर्त्याने तारुण्यात मोर्चे काढावेत, तुरुंगात जावे, मग निवडणूक लढवावी, विधिमंडळात वा मंत्रिमंडळात उमेदीची वर्षे घालवावीत, आणि केस पांढरे झाल्यावर, पक्षाला किंवा सरकारला त्याची कदर करावीशी वाटली तर, राजभवनात जावे. हा क्रम निंद्य आहे असे मी म्हणत नाही. अमरावतीकडचे रिपब्लिकन नेते रा. सू. गवई दलितांच्या चळवळीतून आले, विधान परिषदेचे सभापती झाले, लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांत बसले, आणि उत्तरायुष्यात प्रथम बिहारचे व नंतर केरळचे राज्यपाल झाले. त्यांच्या वाटचालीला कोणी गौण लेखणार नाही. सरोजिनी नायडू, ज्या आपल्या मराठवाड्याच्या तेव्हाच्या राजधानीत, हैदराबादेत वाढल्या, त्या स्वातंत्र्याच्या पहाटे संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या आणि त्या पदावर असतानाच १९४९ साली निवर्तल्या. या सर्वांच्या बाबतीत आधी सत्तेचा अथवा चळवळीचा प्रवाह आहे आणि त्याच्या मुखाशी मानाचे पद आहे. नानाजींच्या चरित्रात हा क्रम उलटा लागतो. साठीच्या उंबरठ्यावर खरीखुरी सत्ता हाताशी आली असता त्यांनी ती नाकारली, त्यानंतर वीस वर्षे खेड्यांत काढली, आणि मग ज्यातून कोणाला काही देता येत नाही आणि कोणाकडून काही हिरावून घेता येत नाही असे शोभेचे आसन स्वीकारले.

या मनुष्याचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ चा. त्या वेळचे कडोळी हे निजामाच्या मुलखातले, परभणी जिल्ह्यातले गाव. देशमुख हे आडनाव त्या प्रांती एका जुन्या हुद्द्याची खूण म्हणून मागे उरले होते. परगण्याचा महसूल गोळा करणे, रयत वसवणे, लावणी वाढवणे आणि सरकार व गावकरी यांच्यामध्ये जामीन म्हणून उभे राहणे ही बहामनी काळापासून चालत आलेली देशमुखांची कामे होती. पण निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत वाटणी, करून तालुकदार, तहसीलदार असे पगारी अंमलदार नेमले, तेव्हापासून वतनदारांच्या हातचा कारभार गेला आणि त्यांच्याकडे रुसुमाची ठरीव रक्कम, लग्नकार्यातला पहिला विडा आणि पोळ्याच्या बैलाचा मान एवढेच काय ते राहिले. काम गेले आणि मान राहिला, अशी ती अवस्था. मराठवाड्यातील पुष्कळ देशमुख घराण्यांनी त्या मानाच्या आधारावर दोन-तीन पिढ्या काढल्या आणि वाड्याचे चिरे एकेक करून विकले.

चंडिकादासाच्या वाट्याला तोही आधार फारसा आला नाही. आईवडील लहानपणीच गेले. मामांनी सांभाळ केला. शाळेची फी आणि पुस्तके यांसाठी त्याने भाजी विकली, देवळांत मुक्काम केला. निजामाच्या राज्यात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि माध्यमिक शाळा इतक्या विरळ होत्या, की बुद्धिमान पण निर्धन मुलाने एक तर कारकुनीची उमेद बाळगावी नाही तर मुलूख सोडावा. याने मुलूख सोडला आणि राजस्थानात पिलानीच्या बिर्ला महाविद्यालयापर्यंत मजल मारली. डॉ. हेडगेवार यांच्या परिचयातून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी संबंध जडला तो जन्मभराचा. १९४० साली डॉक्टर वारले; त्यानंतर घर, विवाह, नोकरी या सर्वांवर पाणी सोडून प्रचारक म्हणून बाहेर पडलेल्या तरुणांत हा एक होता. आधी आग्रा, आणि तेथून गोरखपूर.

गोरखपूरच्या त्या आरंभीच्या दिवसांतली एक हकीकत मला त्यांच्या पुढील सगळ्या चरित्राची किल्ली वाटते. राहायला जागा नव्हती म्हणून ते धर्मशाळेत उतरत. पण धर्मशाळेचा नियम असा, की तीन दिवसांपेक्षा अधिक कोणी राहू नये. म्हणून हे गृहस्थ तीन दिवसांनी पथारी उचलून दुसऱ्या धर्मशाळेत जात. अखेर बाबा राघवदास यांनी त्यांना आपल्या आश्रमात आसरा दिला, तो एका अटीवर : नानाजींनी त्यांचा स्वयंपाक करावा. हे बाबा राघवदास मूळचे पुण्याचे, परंतु पूर्व उत्तर प्रदेशात गांधीजींचे काम करता करता तेथील जनतेने ज्यांना आपले मानले असे काँग्रेसचे पुढारी. १९४८ च्या पोटनिवडणुकीत आचार्य नरेंद्र देवांसारख्या समाजवादी पंडिताचा त्यांनी अयोध्येत पराभव केला होता. संघाच्या प्रचारकाने काँग्रेसच्या साधूची भाकरी भाजावी आणि त्याच्या छपराखाली बसून आपल्या शाखा वाढवाव्यात, हा योग आजच्या वाचकाला नवलाचा वाटेल. नानाजींना त्यात काही विशेष वाटले असेल असे दिसत नाही. ज्याच्याशी मतभेद आहेत त्याच्या घरी राबण्यात कमीपणा नाही आणि त्याच्याकडून मदत घेण्यात संकोच नाही, ही वृत्ती त्यांना पुढे लोहिया, विनोबा आणि जयप्रकाश यांच्यापर्यंत घेऊन गेली. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी गोरखपुरातच त्यांच्या प्रयत्नाने पहिले सरस्वती शिशु मंदिर उभे राहिले. पुढे या नावाच्या शाळा देशभर झाल्या.

१९४७ च्या सुमारास लखनौहून ‘राष्ट्रधर्म’ आणि पाठोपाठ ‘पांचजन्य’ ही नियतकालिके निघाली, तेव्हा संपादनाच्या खुर्चीवर तरुण अटलबिहारी वाजपेयी, मार्गदर्शक दीनदयाळ उपाध्याय, आणि कागद, छपाई, उधारी, वसुली या सगळ्या संसाराचा भार नानाजींवर, अशी वाटणी होती. बावन्न वर्षांनी याच वाजपेयींच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी नानाजींना राज्यसभेवर नेमले. तेव्हा ही नेमणूक परक्याने केलेला गुणगौरव नव्हता, घरच्या माणसाची कदर होती, हे मान्य केलेच पाहिजे. आणि नामनिर्देशनाच्या या १२ जागांचा विनियोग सत्तेवरील पक्ष आपल्या सोयीने करतात, हा जो आक्षेप प्रत्येक सरकारच्या काळात घेतला जातो, त्यातून ही नेमणूकही सुटत नाही.

जनसंघाची स्थापना १९५१ ची. उत्तर प्रदेशातील त्याची संघटना नानाजींकडे आली, आणि तेथे त्यांच्या अंगचे खरे गुण प्रकट झाले. विधानसभेच्या १९५७ च्या निवडणुकीत या पक्षाला १७ जागा मिळाल्या, १९६२ मध्ये ४९ आणि १९६७ मध्ये ९८. हे आकडे एकेका तालुक्यात माणसे शोधून, त्यांची भांडणे मिटवून आणि त्यांच्यासाठी पैसा उभा करून मिळवलेले होते. १९६७ साली चरणसिंगांच्या नेतृत्वाखाली जे संयुक्त विधायक दलाचे मंत्रिमंडळ लखनौत आले, त्यात समाजवादी आणि जनसंघीय एकत्र बसले, आणि ही मोट बांधण्यात राममनोहर लोहियांइतकाच नानाजींचा हात होता. काँग्रेसचे मातब्बर नेते चंद्रभानू गुप्त त्यांना नाना फडणीस म्हणत, असे सांगतात. ही उपमा स्तुतीची की कुचेष्टेची, हे गुप्तांनाच ठाऊक. परंतु महादजीच्या फौजेपेक्षा ज्याच्या दफ्तराचा धाक अधिक होता त्या पुण्याच्या कारभाऱ्याची आठवण उत्तरेतील एका मुरब्बी राजकारण्याला व्हावी, यात बरेच काही आले. पक्षाचे कोषाध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. उद्योगपतींशी त्यांचे सख्य होते आणि त्यांच्याकडून देणग्या आणण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. नानाजींना राजकारणाचा वीट आलेला साधू म्हणून रंगवणारे चरित्रकार हा भाग घाईने उरकतात.

त्यानंतरचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात जयप्रकाशांवर लाठ्या चालल्या, तेव्हा नानाजींनी पुढे होऊन घाव आपल्या हातावर झेलला आणि त्यात त्यांचा हात मोडला. दोघांची जन्मतिथी योगायोगाने एकच, ११ ऑक्टोबर. वयात मात्र चौदा वर्षांचे अंतर. २५ जून १९७५ रोजी रामलीला मैदानावर लोकसंघर्ष समितीची घोषणा झाली, तिचे अध्यक्ष मोरारजी देसाई आणि चिटणीस नानाजी. त्याच रात्री आणीबाणी आली. काही काळ भूमिगत राहून त्यांनी काम केले, मग अटक झाली. १९७७ च्या निवडणुकीत अवधमधील बलरामपूर मतदारसंघातून, जेथे एकेकाळी मोठी तालुकदारी नांदली होती, तेथल्या राजघराण्यातील राणीचा पराभव करून ते लोकसभेत गेले. मोरारजींच्या मंत्रिमंडळात त्यांना स्थान देऊ करण्यात आले. त्यांनी ते घेतले नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी जाहीरपणे असे प्रतिपादन केले, की साठी उलटलेल्यांनी सत्तेचे राजकारण सोडून समाजाच्या प्रत्यक्ष कामात पडावे. आणि हा सल्ला दुसऱ्यांना देऊन न थांबता ते स्वतः बाजूला झाले. पंतप्रधान तेव्हा ऐंशीच्या घरात होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रतिपादनाचा दिल्लीत कसा सत्कार झाला असेल याची कल्पना करता येते.

या नकाराची मीमांसा करताना ‘त्याग’ हा शब्द सहजच ओठांवर येतो. मला तो पुरेसा वाटत नाही. संन्यास घेणारा मनुष्य ज्या वस्तूचा त्याग करतो तिचे मोल त्याला एकतर फार वाटत असते किंवा मुळीच वाटत नसते. नानाजींना मंत्रिपदाचे नेमके मोल माहीत होते. मंत्रिमंडळे कशी बनतात, कशावर टिकतात, कोणत्या दिवशी कोसळतात, आणि कोसळण्यापूर्वी एखाद्या खात्याच्या मंत्र्याला सहीशिवाय खेड्यापर्यंत काय पोचवता येते, याचा हिशेब त्यांनी वीस वर्षे चोपडीत मांडला होता. लखनौचे १९६७ चे सरकार त्यांनी जुळवले, आणि ते वर्ष पुरे होण्याच्या आत गडगडलेले पाहिले. जनता सरकारही १९७९ च्या जुलैत गेले. तेव्हा जो सौदा त्यांनी नाकारला तो फायद्याचा नव्हता, असे एखाद्या कसबी कारभाऱ्याचे ते अनुमान असावे. आणि असे म्हटल्याने त्यांचा मोठेपणा उणावतो असे मला वाटत नाही.

गोंडा जिल्ह्यात त्यांनी जे काम मांडले त्याचे केंद्र म्हणजे जयप्रकाश आणि त्यांच्या पत्नी प्रभावतीदेवी यांच्या नावे वसवलेले जयप्रभाग्राम. दीनदयाळ उपाध्यायांच्या १९६८ सालच्या अकाली मृत्यूनंतर नानाजींनी दिल्लीत दीनदयाळ शोध संस्थान काढले होते. वैचारिक चर्चा आणि ‘मंथन’ नावाचे नियतकालिक एवढाच तोवर त्याचा व्याप होता. ते आता शेताच्या बांधावर उतरले. शरयू आणि राप्ती यांच्या मधल्या त्या सखल भूमीत पाणी खाली वीस-तीस हातांवर, पण लोखंडी नळाची विंधणविहीर गरीब शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर; म्हणून बांबूच्या नळाने बोअर घेण्याची युक्ती तेथे मोठ्या प्रमाणावर रुजवण्यात आली. प्रत्येक हाताला काम आणि प्रत्येक शेताला पाणी, हे त्या प्रकल्पाचे उद्दिष्ट लोकांच्या तोंडी बसले. २५ नोव्हेंबर १९७८ रोजी त्याचे उद्घाटन झाले ते राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांच्या हस्ते. म्हणजे देशातील सर्वोच्च मानाच्या पदाचा उपयोग त्यांनी स्वतः कोणत्याही पदावर नसतानाच करून घेतला होता. मराठवाड्यातही या संस्थेने बीड जिल्ह्यात काम काढले. अंबाजोगाईजवळच्या दिघोळअंबा येथील कृषी विज्ञान केंद्र तिच्याच वतीने चालते. हिंगोलीच्या वाट्याला मात्र असे काही आले नाही. जन्मभूमीची ओढ हा गुण या मनुष्यात कमीच होता, आणि ज्याने पंचविशीत घर सोडले त्याच्याकडून तो अपेक्षणे कदाचित गैरही ठरेल. तथापि कयाधूच्या खोऱ्यातील कोरडवाहू शेतकऱ्याने याबद्दल किंचित रुखरुख बाळगली तर त्याला मी दोष देणार नाही.

१९८९ च्या सुमारास ते चित्रकूटला गेले आणि तेथलेच झाले. मंदाकिनीच्या काठचे हे तीर्थ अर्धे उत्तर प्रदेशात आणि अर्धे मध्य प्रदेशात. वनवासातील रामाने येथे काळ कंठला अशी श्रद्धा असल्यामुळे अमावास्येला यात्रेकरूंची रीघ, आणि यात्रा पांगली की भोवतालच्या पाठा नावाच्या प्रदेशात कमालीचे दारिद्र्य व दरोडेखोरांची दहशत. राजा होण्यापूर्वीचा राम आपल्याला अधिक जवळचा वाटतो, असा त्यांचा भाव होता. येथे १९९१ साली मध्य प्रदेश विधिमंडळाच्या अधिनियमाने ग्रामोदय विश्वविद्यालय स्थापन झाले. ग्रामीण जीवनालाच केंद्रस्थानी ठेवणारे देशातील पहिले विद्यापीठ असा त्याचा लौकिक आहे, आणि त्याचे पहिले कुलपती झाले नानाजी. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल आणि खरा कारभार कुलगुरूंचा, ही वाटणी आपल्या परिचयाची आहे. दीक्षान्त समारंभाचे अध्यक्षस्थान आणि पदवीपत्रावरील मुद्रा यांपलीकडे या पदाचा विशेष संबंध कोणाला जाणवत नाही. चित्रकूटलाही पुढे हे पद राज्यपालांकडेच गेले. परंतु आरंभी ज्याने ते विद्यापीठ कल्पिले तोच त्याच्या मानाच्या आसनावर बसला होता, आणि तेथे मान व काम यांच्यातली ती सालारजंगी फारकत काही वर्षे तरी मिटलेली होती.

चित्रकूटच्या कामातली सर्वांत मौलिक कल्पना मला वाटते ती समाजशिल्पी दंपतीची. पदवीधर नवविवाहित जोडप्याने एखाद्या खेड्यात पाच वर्षे बिऱ्हाड करावे आणि आसपासच्या पाचेक गावांत शेती, आरोग्य, शिक्षण, रोजगार यांच्या कामी गावकऱ्यांच्या पाठीशी राहावे, अशी ती योजना. एकटा तरुण कार्यकर्ता गावाला पाहुणा वाटतो, त्याच्या हेतूविषयी चावडीवर कुजबुज होते. चूल पेटवणारे, पाण्याच्या रांगेत उभे राहणारे, आजारी पडणारे जोडपे शेजारी होऊन जाते, आणि स्त्रीमुळे घराच्या माजघरापर्यंतची वाट उघडते. आजन्म ब्रह्मचारी राहिलेल्या प्रचारकाला ही गोष्ट सुचली याचे मला कौतुक वाटते. २६ जानेवारी २००२ रोजी स्वावलंबनाची मोहीम सुरू झाली. पहिल्या टप्प्यात ८० गावे आणि अखेर ५०० गावे असा संकल्प होता. राष्ट्रपती अब्दुल कलाम २००५ साली चित्रकूटला येऊन गेले आणि त्यांनी या ८० गावांचा, विशेषतः तेथील कज्जे कोर्टात न जाता गावातच मिटतात या गोष्टीचा, आपल्या भाषणांतून आवर्जून उल्लेख केला. बुंदेलखंडात जमिनीच्या वहिवाटीवरून पिढ्यान्‌पिढ्या अदालतीचे उंबरे झिजवले जातात, वकिलाच्या फीपायी शेत जाते आणि निकाल नातवाच्या हाती पडतो. त्या प्रांतात ही गोष्ट विहिरीला पाणी लागण्याइतकीच मोलाची.

या सर्व काळात, म्हणजे २२ नोव्हेंबर १९९९ पासून २१ नोव्हेंबर २००५ पर्यंत, नानाजी राज्यसभेचे सदस्य होते. नेमणुकीच्याच वर्षी त्यांना पद्मविभूषणही मिळाले होते. त्यांनी संसदेत गाजवलेल्या भाषणांची कोणी यादी देत नाही, आणि त्र्याऐंशीव्या वर्षी सभागृहात शिरलेल्या माणसाकडून ती अपेक्षाही नव्हती. त्यांचे बिऱ्हाड चित्रकूटलाच राहिले. अशा पदाने मनुष्याला काय दिले, हा प्रश्न येथे फारसा लागू पडत नाही. घटनाकारांनी ‘समाजसेवा’ हा शब्द साहित्य, शास्त्र आणि कला यांच्या जोडीला का बसवला, याचे एक बरे उदाहरण त्या १२ जणांच्या बाकांवर सहा वर्षे होते, एवढे म्हणता येईल. ज्याला मानाच्या खुर्चीवाचून अडत नाही त्याच्याच अंगावर ती शोभते. एरवी राजभवनांतून आणि नामनिर्देशितांच्या बाकांवरून जी उदासवाणी, निवृत्त, खिडकीबाहेर पाहत बसलेली माणसे दिसतात, त्यांची अडचण अधिकाराचा अभाव ही नसून, अधिकार गेल्यावर करण्याजोगे दुसरे काही त्यांनी राखून ठेवले नव्हते, ही असते.

त्यांच्याविषयी सर्वांचे एकमत आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. त्यांच्या ग्रामकार्याला संघविचाराच्या विस्ताराचे साधन मानणारे टीकाकार आहेत, आणि स्वतः नानाजींनी ती दोन्ही अंगे परस्परांपासून तोडून दाखवण्याचा खटाटोप कधी केला नाही. १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर त्यांनी एक टिपण प्रसृत केले, त्यात राजीव गांधींविषयी दाखवलेल्या सद्भावाने त्यांच्या स्वकीयांना कोड्यात टाकले, तर शीखविरोधी हिंसाचाराची त्यांनी केलेली मीमांसा अनेकांना अक्षम्य वाटली. ती मलाही पटण्याजोगी वाटत नाही.

२७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते वारले. देहदानाचा संकल्प त्यांनी आधीच लेखी करून ठेवला होता. त्याप्रमाणे शव दिल्लीला नेऊन अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या स्वाधीन करण्यात आले, आणि समाधी, छत्री, पुण्यतिथीचा दगड यांपैकी कशाचीही सोय उरली नाही. मरणोत्तर सन्मान मात्र एकामागून एक येत राहिले. जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. जन्मशताब्दीनिमित्त २०१७ साली टपाल तिकीट निघाले. आणि २०१९ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला प्रणव मुखर्जी व भूपेन हजारिका यांच्यासमवेत भारतरत्न जाहीर होऊन त्या वर्षीच्या ८ ऑगस्टला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी ते त्यांच्या संस्थेच्या अध्यक्षांकडे सुपूर्द केले. मंत्रिपद नाकारलेल्या माणसाला राज्यसंस्थेने असे हप्त्याहप्त्याने मानकरी केले.

हिंगोली जिल्ह्यात त्यांचे नाव शिरले ते याच मार्गाने, शासनाच्या ठरावातून. पर्जन्यमानाच्या लहरीपणाला तोंड देण्यासाठी महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने २०१८ पासून जो प्रकल्प हाती घेतला, त्यास नानाजी देशमुख कृषी संजीवनी असे नाव आहे. मराठवाड्याचे आठही जिल्हे, विदर्भातील सहा आणि जळगाव अशा १५ जिल्ह्यांतील पाच हजारांवर गावांसाठी तो आखला गेला, आणि त्यांत हिंगोलीही आहे. शेततळे, ठिबक, तुषार संच, शेडनेट, फळबाग यांना त्यातून अनुदान मिळते. इतके लांबलचक नाव कोण घेणार? शेतकरी त्याला पोकरा म्हणतात, जे त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे रूप आहे. औंढ्याकडचा किंवा सेनगावकडचा हळद लावणारा शेतकरी कृषी सहायकाला गाठून ‘साहेब, आमचं गाव पोकरात हाय का?’ असे विचारतो. साहेब मोबाइलवर यादी काढतो, बोटाने वरखाली सरकवत गावाचे नाव शोधतो, आणि असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन या म्हणून सांगतो.